बाबांसमोरच सांगा

"बाबांना माझ्या यकृताचा तुकडा द्यायचा म्हटलं की हातपायच गळतात, डॉक्टर. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणू? एमआरआयमध्ये डाग दिसतोय, असं द्या ना ठोकून." तपासणीच्या आधी केबिनचं दार लोटून घेत मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली.

रिपोर्ट आला त्या दिवशी तो हट्टाने बाबांना व्हीलचेअरवरून आत घेऊन आला. "त्यांच्यासमोरच सांगा," म्हणाला. डॉक्टरांनी पडद्यावर त्याच्या यकृतातली चार सेंटिमीटरची गाठ दाखवली. बायॉप्सी लगेच करावी लागेल, म्हणाले.

बाबांनी मुलाचं मनगट धरलं. "माझं राहू दे रे. माझं जगून झालंय. आधी तुझं बघ."

बाबांना बाहेर बाकापाशी सोडून मुलगा एकटाच परत आला. डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेऊन हसला. "उपकार झाले तुमचे. सेंटिमीटरसकट सांगितलंत, मानलं बुवा."

"अहो, ती गाठ खरंच आहे. उद्याच दाखल व्हा."



"पुरे आता, डॉक्टर. इथलं बोलणं बाबांना बाहेर ऐकू जात नाही."