वावर करण्यास मनाई

नव्या पाटीपुढं अख्खं धामणखेड गोळा झालं होतं. सकाळी विमानतळाची जीप आली, माणसांनी धुऱ्यावर पाटी रोवली आणि कोणाशी चकार शब्द न बोलता निघून गेली. रामराम नाही, शामराम नाही.

“बाई, तुमी वाचा बरं,” नत्थुजी म्हणाले.

कुलसुमबींनी पदरानं चष्मा पुसला. गावात लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांचं आणि नत्थुजींचं वावर एकमेकांना लागून, मधे बांध म्हणून तेवढा तो धुरा.

“या हद्दीत वावर करण्यास सक्त मनाई आहे,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग गर्दीकडं वळून म्हणाल्या, “आयकलं? आता वावर कराचं नाही. पेराचं नाही, निंदाचं नाही. घरी बसा.”

एकच गलका झाला. अरे बापा, हे काय आता! शेत कसू नका म्हणजे खायचं काय?

मोनाली सरपंच होती, अकोल्याला कॉलेज करून आलेली. ती पाटीजवळ गेली, पुन्हा वाचलं. “बाई, याचा अर्थ दुसरा तर नाही ना?”

“तुले वावर मायीत नाही का वं पोरी? तुया बापाचं वावर कुठी आहे, दाखवू?”

लोक हसले. मोनाली लाजली. नत्थुजींनी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण बाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

धावपट्टी लांबवायची आहे, हे गावाला पेपरात वाचून कळलं होतं. मोजणीवाले यायचे, खुंट्या ठोकायचे, जायचे. धामणखेडची काळी कसदार जमीन जाणार की राहणार, कोणी सांगेना. जनसुनावणी घ्या, गावात या, आम्हाला विचारा, एवढंच गाव म्हणत होतं. ग्रामसभेनं ठराव केले, अर्ज दिले, अकोल्याला उन्हात धरणं धरलं. साहेब लोकांनी ढुंकून पाहिलं नाही.

या पाटीनं मात्र आग लागली. नत्थुजी पातूरच्या बाजारापासून हिवरखेडपर्यंत बोंबलत फिरले. “वावर कराले बंदी आली!” ऐकणारा शेतकरी हातातलं काम टाकून उठायचा. रस्त्यावर बैलगाड्या आल्या, बायका विळे घेऊन आल्या. टीव्हीवाले आले. शेती करायला सरकारी बंदी, म्हणून मुंबईपर्यंत गाजलं. आणि जे साहेब कधी भेटत नव्हते, ते घाईघाईनं म्हणाले, येतो बुवा, सुनावणी तुमच्या गावातच घेतो.

शाळेच्या पटांगणात मांडव उभा राहिला. आजूबाजूच्या गावांची माणसं मावत नव्हती. सुनावणीला आलेले साहेब पुण्याकडचे होते, नवे होते, आणि आज फार खुशीत होते. माइक हातात घेऊन ते हसायलाच लागले.

“अहो, केवढा हा गोंधळ! वावर म्हणजे शेत नव्हे हो. वावर म्हणजे ये-जा. बाहेरच्यांनी तिथं हिंडू नये, एवढंच लिहिलंय. पाटी वाचली कोणी?”

“मी वाचली,” कुलसुमबी उभ्या राहिल्या.

“तुमची बोली उर्दू ना, आजी? त्यामुळं झालं असेल.”

बाहेरगावचे काही जण फिदीफिदी हसले. टीव्हीचा कॅमेरा बाईंच्या तोंडावर आला. धामणखेडच्या बायकांनी माना खाली घातल्या. नत्थुजींच्या कानशिलांना आग लागली. ते ताडकन उठले.

“खाली बस नत्थू,” बाई म्हणाल्या. नत्थुजी बसले.

“म्हतारीची चूक झाली असंल, साहेब. मंग आमाले वावर कराले मनाई नाही?”

“मुळीच नाही.”

“पुढच्या साली पेरलं तर?”

“खुशाल पेरा!”

“अन् धावपट्टीसाठी घ्याचं म्हनता ते?”

“तुम्हाला विचारल्याशिवाय कोण घेणार? इथं, याच मांडवात विचारू.”

“हे माइकात सांगा ना साहेब. मागच्याइले आयकू गेलं नाही.”

साहेबांनी सांगितलं. जोरात सांगितलं. कॅमेरे होतेच. मोनालीनं इतिवृत्तात लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि साहेबांची सही घेतली.

आता साहेब आलेच आहेत म्हटल्यावर लोक काय सोडतात! नाल्याचं पाणी कुठं वळवणार, मसणवटीची अन् कब्रस्तानाची वाट राहील का, भिंत घातली तर बैलगाडी जाणार कुठून, एकेक जण उठत गेला. साहेबांना ऊन उतरेपर्यंत बसावं लागलं. ज्या गावाला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी छाती काढून बोललं.

निघताना साहेब बाईंपाशी थांबले. “आजी, थोडं मराठी शिकून घ्या आता. फार त्रास दिलात.”

“शिकतो ना साहेब,” बाई हात जोडून म्हणाल्या.

जीप गेली. मांडवात टाळ्या, शिट्ट्या, हलकल्लोळ. नत्थुजी मात्र रडकुंडीला आले होते. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

“तो तुमाले मराठी शिका म्हणून गेला, अन् तुमी हात जोडता? बाई, ‘वावर म्हणजे ये-जा’ एवढं आलं नाही म्हणून याच शाळेत, याच शब्दासाठी, तुमी मले वर्गाभाईर उभं केलं होतं!”