निळ्या दिव्याची पाळी

सातपूरच्या प्रयोगशाळेतली ती खोली कायम तांबड्या उजेडात असे. तिथे बसलं की डोळे मिटून उन्हात बसल्यासारखं वाटे. साध्या उजेडात वल्लरीने बनवलेले रेणू भलत्या वेळी जागे होत.

बशीत तिच्याच दंडाच्या कातडीतून वाढवलेल्या पेशी होत्या. जांभळा दिवा लागला की रेणू त्यांच्यातल्या, कामाचे निरोप नेणाऱ्या आरएनएला मोकळं सोडत आणि पेशी हिरव्या चमकत. निळा लागला की आरएनए गप्प होई, पेशी विझत. दिवे आपोआप आलटून पालटून लागत.

दुपारी पंचवटीहून आईचा फोन आला. वल्लरीने तो स्पीकरवर टाकला.

"वरणाला फोडणी देतेय गं," आई म्हणाली.

निळा दिवा लागला, मग जांभळा. पेशी पुन्हा चमकल्या.

"...भांडीसुद्धा घासून झाली."

"आई, आवाज तुटतोय."

"कुठे तुटतोय? तूच मधे मधे गप्प होतेस. किती हाका मारल्या."

वल्लरी हसली. निळा दिवा पुन्हा लागून गेला.

"...तिन्हीसांजा झाल्या, वलू. आता मी येतेच तिकडे."

मघाशी ओतलेल्या चहावर जाड साय धरली होती. वल्लरीचं हसू विरलं. निळ्याची पाळी यायच्या आत दिवे बंद करावेत म्हणून तिने हात पुढे केला.

बोटं बटणापर्यंत पोचली नव्हती, तोच निळा लागून गेला आणि खांद्यावर आईचा हात पडला. बांगड्या त्याच होत्या. मनगट मात्र ओळखू येऊ नये इतकं म्हातारं झालं होतं.