मुदतीच्या आत

“तुमची वेळ संपली, थिबोसाहेब,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

ऑरिन थिबो माइकसमोरून हलला नाही. “वेळ माझ्या मुलीची संपली, बाई. मी अजून आहे.”

मागच्या बाकांवरच्या नारिंगी टोप्यांनी टाळ्या पिटल्या. भिंतीला टेकून उभे असलेले पांढऱ्या फितीवाले ओरडले, “खाली बसा!” विधिमंडळाची ती खोली लहान होती, खिडक्या बंद, आणि सगळ्यांच्या बुटांना मार्चमधला चिखल. बंदूक विकत घेतली तरी हातात पडायला तीन दिवस थांबायचं, हा कायदा ठेवायचा की मोडायचा, यावर सकाळपासून तिथे जुंपली होती. नारिंगी टोप्यांना तो मोडायचा होता, पांढऱ्या फितीवाल्यांना ठेवायचा होता.

“बरं, बोला. पण थोडक्यात.”

“थोडक्यातच आहे. नवरा तिला जिवाच्या धमक्या देत होता, म्हणून ती माझ्याकडे निघून आली. पोलिसांना सांगितलं, ते म्हणाले बघतो. मग ती पिस्तूल घ्यायला गेली. दुकानदार तिला लहानपणापासून ओळखायचा. म्हणाला, पोरी, तुझ्याबद्दल शंका नाही, पण कायदा आहे, शुक्रवारी ये. ती थांबली. तो थांबला नाही.”

अध्यक्षबाईंनी पेन उचललं.

“मुलीचं नाव नोंदवायचं?”

“नाव नको,” ऑरिन म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

पुढचं नाव पुकारलं गेलं ते मर्ना पेल्की यांचं. साठीच्या, ताठ मानेच्या बाई. कोटावर पांढरी फीत. त्या माइकपाशी आल्या तसा नारिंगी टोप्यांमधून कुणीतरी हुर्यो केला.

“हुर्यो करा,” त्या म्हणाल्या. “मला काही फरक पडत नाही. माझा मुलगा तेव्हा नदीपलीकडच्या राज्यात राहत होता. तिकडे थांब म्हणणारं कुणी नाही. दुपारी जेवण अर्धं टाकून उठला, दुकानात गेला आणि बंदूक घेऊन बाहेर पडला. दिवस मावळायच्या आत मेला. त्याचा राग मला माहीत होता. चढायचा तसा उतरायचाही. तीन दिवस मिळाले असते, तर मी त्याला हाताला धरून घरात बसवलं असतं.”

“त्यांनी स्वतःच स्वतःला...?” समितीतल्या एकाने चाचरत विचारलं.

“हो. शेवटी स्वतःलाच.”

“नाव?”

“नाव नको.”

दाराशी उभा असलेला शेरीफ, त्या भागातल्या पोलिसांचा प्रमुख, आपल्या बुटांकडे बघत होता.

सुनावणी थोडा वेळ थांबली. बाहेरच्या बोळात कॉफी आणि गोड वडे ठेवले होते. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना खांदे मारत कपांपर्यंत पोचत होती. डॅरिल नावाचा एक दांडगा तरुण, डोक्यावर नारिंगी टोपी, मर्नाबाईंच्या वाटेत आडवा उभा राहिला.

“आजी, तुमच्या पोराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शिक्षा आम्हाला कशाला?”

“बाजूला हो.”

“तीन दिवस काय आणि तीन वर्षं काय, वेड्याला काय फरक पडतो?”

आजूबाजूचे हसले. ऑरिनही तिथेच उभा होता. तो हसला नाही, पण त्याने डॅरिलला अडवलंही नाही.

“आईनं हात धरला की ज्याचा राग उतरतो,” तो कपात बघत म्हणाला, “असा बाप्या मी तरी पाहिला नाही.”

मर्नाबाई वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

“तुमच्या घरात बंदुकांचं कपाट आहे. एक सोडून चांगल्या पाच आहेत आत. त्या दिवशी किल्ली कुठे होती?”

ऑरिन गर्रकन वळला. कॉफी त्याच्या बाहीवर सांडली.

“माझ्या खिशात,” तो कसाबसा म्हणाला. “मी रानात होतो. पाकासाठी मेपलच्या झाडांचा रस उकळत होतो.”

“मग पोरीला कायद्यानं मारलं म्हणून आम्हाला कशाला सांगता?”

“तोंड सांभाळा!”

“तुम्ही तिला सांभाळलंत?”

डॅरिलचं हसू मावळलं. शेरीफ दोघांच्या मध्ये आला. “पुरे,” तो हळूच म्हणाला. “निदान इथे तरी नको.”

दोघंही मग परत आत गेले नाहीत. मत काय पडलं ते त्यांना दुसऱ्यांकडून कळणार होतं. मर्नाबाई आवारात आपल्या गाडीची काच पुसत होत्या. फडकं चिखलानं माखलेलं होतं, त्यामुळे काच आणखीच बरबटत होती. ऑरिन पाय ओढत आला आणि दोन हातांवर थांबला.

“तुम्ही लोक हरणार,” तो म्हणाला.

“बघू.”

“पुढच्या वर्षी पुन्हा येईन मी.”

“मीही.”

तो जाईल असं त्यांना वाटलं. तो आपल्या गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि एक छोटी गुलाबी पिशवी घेऊन परत आला. आत कपडे होते आणि वर एक चिंध्यांचा ससा. मर्नाबाईंनी पिशवी घेतली. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

“शाळा सुटत आली. आज तुमचा दिवस आहे.”

“लक्षात आहे.”

“खोकला आहे तिला. रात्री गरम काहीतरी द्या.”

“देईन.”

ऑरिनने टोपी डोक्यावर घट्ट दाबली. दोन पावलं गेला आणि पाठमोराच थांबला.

“आणि विहीणबाई, काल झोपताना पोरीनं विचारलं, बाबानं आईला का मारलं. मी म्हटलं, उद्या त्याच्या आईकडे जायचंय ना, तिलाच विचार.”