डावीकडे कलणारी खुर्ची

चंपाक्का बाजारातून आल्या तेव्हा गल्लीत दुरुस्तीची फवारणी होऊन गेली होती. न्हाणीतला नळ गळायचा थांबला होता, पत्र्याचं भोक बुजलं होतं. मोडलेलं काहीही ती फवारलेली पावडर तासाभरात मूळ रूपात आणायची.

पिशवी दारातच टाकून त्या आत धावल्या. खुर्ची नवीकोरी उभी होती.

त्यांच्या नवऱ्यानं, बाळगोंडांनी, तिच्या मोडक्या पायाला हातमागाच्या लाकडाची पट्टी लावून सायकलच्या ट्यूबनं आवळली होती. तरी ती डुगडुगायची, म्हणून डावीकडे कलून बसावं लागायचं. पुढच्याच आठवड्यात ते गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

फवारणीवाली रेश्मा दारात पंप आवरत होती. तिनं खुर्ची पाहिली. “अक्का, ही वगळायला स्टिकर दिलेलं की मी तुम्हाला!”

“जुन्या लाकडाला चिकटंना बाई ते. मग ट्यूबचाच एक तुकडा घेतला आणि स्टिकर बांधलं खुर्चीला घट्ट. ह्यांच्यागत.”

रेश्माचा चेहरा उतरला. “बांधलेलं दिसलं की पावडर ते मोडकंच समजते, अक्का. आधी तेच काढून टाकते. मग स्टिकरही गळून पडलं असणार.”

“आणि ट्यूब? पट्टी?”

“विरघळली.”

चंपाक्का खुर्चीत बसल्या आणि सवयीनं डावीकडे कलल्या. खुर्ची जरासुद्धा हलली नाही.

“सरळ बसा की,” रेश्मा हळूच म्हणाली. “आता नाही डुगडुगायची.”

“कळतंय गं,” त्या म्हणाल्या, आणि तशाच कललेल्या राहिल्या.