तळहातावरचं लिंबू

केरबा वस्तादांनी उजवा तळहात पुढं केला आणि त्यावर लिंबू ठेवलं. परदेशी पाहुण्यांच्या मर्दानी खेळाच्या शिबिराचा आज शेवटचा दिवस होता, आणि आखाड्याची रीतच होती, शेवटचं लिंबू शिष्यानं वस्तादांच्या तळहातावरच कापायचं.

समोर पोलंडची मार्ता दांडपट्टा चढवून उभी होती. दर हिवाळ्यात न चुकता येणारी. आज मात्र तिनं लांबलचक पातं दोनदा पुसून घेतलं.

"अवो, डावा तरी धरा!" वस्तादांची बायको कळवळून म्हणाली. "उजव्यावर आपल्या पोरांनीबी कधी हिंमत केली न्हाई, ही तर परक्या मुलखाची!"

"परसाद डाव्या हातावर घेतीस का तू?" वस्ताद हसले.

मार्तानं माती कपाळाला लावली. पट्टा फिरू लागला आणि बघता बघता दिसेनासा झाला. उरला नुसता वाऱ्याचा आवाज.

लिंबाच्या दोन फोडी तळहातावरून घरंगळल्या. रस बोटांपर्यंत ओघळला. साधा ओरखडा असता तरी आग झाली असती. वस्ताद डोळे मिटून झोंबण्याची वाट पाहत राहिले.

झोंबलंच नाही.