तराफामास्तर

मास्तर पायऱ्या उतरून पाण्यात शिरला, पाठीवर आडवा झाला, डोळे मिटले आणि बुडायला लागला.

आधी पाय गेले. मग कंबर. नाकात पाणी शिरलं तसा तो ठसकत उभा राहिला. दुपारची वेळ होती. सकाळच्या तुकड्या पोहून गेल्या होत्या, संध्याकाळच्या यायच्या होत्या. उंच खिडक्यांतलं ऊन पाण्यावर पडून छतावर हलत होतं आणि सगळा तलाव डुलकी काढत होता.

गेल्या वर्षीपर्यंत याच पाण्यावर मास्तर उताणा पडून पेपर वाचायचा. अख्खा पेपर, तोही कोरडा. शिकायला येणारी पोरं त्याला तराफामास्तर म्हणायची, आणि त्याला ते नाव मनापासून आवडायचं. जमिनीवर कुणी त्याला इतकं गोड नाव दिलं नव्हतं. जमिनीवर तो खुर्चीत बसण्याआधी खुर्ची हलवून बघणारा माणूस होता. पाण्यात मात्र नुसतं पीस.

मग गुडघे कुरकुरायला लागले, रक्तात साखर चढली, एक जिना चढला तरी धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. दिसायला पेन, टोचलेलं कळायचंसुद्धा नाही. जन्मभर दाराशी ठाण मांडून बसलेली भूक आता हाक मारल्याशिवाय आत येईनाशी झाली. मास्तर वजनाने उतरत गेला. घोरणं थांबलं, बायकोला कितीतरी वर्षांनी झोप लागली. "वजन उतरलं की औषध संपलं, असं नाही हं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "सोडलंत तर बहुतेक गेलेलं परत येतं. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं समजा. लांबचा पल्ला आहे."

सगळं छान चाललं होतं. फक्त पाण्याने ओळख दाखवायचं सोडलं.

या आठवड्याची सुई मास्तरने टोचलीच नव्हती. पेन फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी तसंच पडून होतं. बायकोला याचा पत्ता नव्हता.

"अहो मास्तर, बुडताय की काय!"

काठावर शिंपीकाका उभे होते. अंगाने काडीपहिलवान, आणि तलावावरचे सगळ्यात जुने विद्यार्थी. पोरांसमोर गटांगळ्या खायची लाज वाटते म्हणून ते या रिकाम्या वेळेला येत, आणि कितीही शिकवलं तरी थेट तळ गाठत. मास्तरच्या सैल झालेल्या विजारी तेच आत घेऊन देत.

"काका, मी इंजेक्शन बंद करतोय," मास्तर म्हणाला. हे त्याने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "पाण्यात शिरलो की वाटायचं, आपण कुणालाच जड नाही. तेवढी एकच जागा होती हो माझी. तीही गेली."

काका कमरेएवढ्या पाण्यात उतरले. थंडीने शहारले.

"करा की बंद. कपड्यांची काळजी नको. तुमच्या प्रत्येक विजारीच्या शिवणीत मी चार बोटं कापड ठेवलंय. उसवलं की झालं."

"कापलं नाहीत?"

"गिऱ्हाईक बारीक झालं की आम्ही कापत नाही, मास्तर. आत दुमडून ठेवतो. बहुतेक जण परत येतात."

मास्तरला ते झोंबलं. म्हणजे आपण परत फुगणार हे या माणसाने आधीच धरून ठेवलं होतं तर!

"गुडघे काय म्हणतात?" काकांनी विचारलं.

"गप्प आहेत."

"मग झोपलेल्यांना कशाला उठवताय?"

मास्तरला हसू आलं, पण क्षणभरच. "आणि हे?" पाण्यावर हात आपटत तो म्हणाला. "हे कुठून आणू?"

"तुम्ही मला दर वेळेला सांगता, काही करू नका काका, पाणी धरतं. तुम्हाला धरत होतं. मला एकदाही धरलं नाही. आम्हा हडकुळ्यांना कुणीतरी धरावं लागतं." काकांनी दोन्ही तळवे पाण्याखाली पसरले. "पडा आडवे."

"तुम्हाला नाही पेलायचं."

"मापं माझ्याकडे आहेत. पडा."

मास्तर आडवा झाला. एक तळवा पाठीखाली आला, एक कमरेखाली. सुई धरून धरून बोटं खरखरीत झालेली. पाय खाली जायला लागले तसा कमरेखालचा हात अलगद मांड्यांखाली सरकला आणि पाय वर आले. कान पाण्यात गेले, जग लांब गेलं. छतावरचं ऊन कुणीतरी चादर झटकावी तसं हलत राहिलं.

आपल्याला कुणी उचलून घेतल्याचं मास्तरला आठवत नव्हतं. आई हसत हसत सांगायची, तू चालायला लागलास आणि माझी कंबर सुटली! तो लहान असताना सगळे हसायचे, आणि तोही हसायचा. आता त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि तलावात मिसळलं.

"घरी गेल्या गेल्या टोचतो," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला पाण्याखालून ऐकू आला. "आणि ते शिवणीतलं कापड कापून टाका."

"कापतो."

मास्तरने अंग सैल सोडलं.

"जमतंय तुम्हाला," काका म्हणाले. "हात काढू का?"

मास्तरने डोळे न उघडता चाचपडत त्यांचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"नका," तो म्हणाला. "सोडू नका हं, काका."