आजचा लेख

आयसीयूबाहेरच्या बाकावर हेमांगीने सवयीने मोबाइलवर तो खेळ उघडला. ज्ञानकोशातला रोज एक लेख, सगळे शब्द झाकलेले. आपण शब्द सुचवायचा. लेखात असला तर तो उघडतो. शेवटी लेखाचं शीर्षक ओळखायचं. ती आणि श्रीरंग, नवरा-बायको, रोज सकाळी चहाबरोबर खेळायचे आणि रोज तोच कमी शब्दांत जिंकायचा.

तिने ‘रक्त’ लिहिलं. कितीतरी चौकटी उघडल्या. मग ‘पित्त’. मग ‘कावीळ’. आठवडाभर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलेच शब्द. मग तिने ‘यकृत’ लिहिलं आणि कोडं सुटलं.

इतक्या लवकर तिला ते कधीच सुटलं नव्हतं. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. नेहमीसारखा तिने निकाल श्रीरंगला पाठवला. मांडीवरच्या पिशवीत, त्याच्या घड्याळाशेजारी, त्याचा फोन थरथरला.

“वहिनी, दोन घोट तरी घे,” नणंदेने थर्मास पुढे केला.

“थांब, श्रीरंगचं राहिलंय.”

तिने पिशवीतून त्याचा फोन काढला, खेळ उघडला आणि पहिलाच शब्द लिहिला, ‘यकृत’.

आजही तोच जिंकला.